रिकाम्या रकान्याबाबत

मी, श्रीनिवास विष्णू साठ्ये, वय ७१, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. स्वभावाबद्दल कोणी देणार नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी पूर्णिमा हिच्या, तिच्यानंतर मुलगा सलिल याच्या. ती असेपर्यंत सलिलने बिल्डरला घरात चहासुद्धा पाजू नये.

२. फ्लोचार्ट काढायची माझी हिरवी पट्टी नात पूर्वा हिला. छत्री वरच्या मजल्यावरच्या आप्पासाहेबांना देऊ नये. त्यांच्याकडे माझ्या दोन आहेत.

३. हडपसरच्या एका कंपनीत मी बत्तीस वर्षे प्रोग्रामचे लॉजिक कागदावर मांडले. अमुक असेल तर काय करायचे, नसेल तर काय, आणि दोन्ही नसतील तर काय. तो कागद बघून दुसऱ्याने प्रोग्राम लिहायचा. एका रुग्णालयाच्या कामात ‘औषधाची ॲलर्जी’ असा रकाना होता. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांचे मी लिहिले. रकाना रिकामा राहिला तर काय, हे लिहिले नाही. माझ्या हाताखालचा प्रोग्रामर सुदर्शन गुंड, धाराशिवकडचा, कँटीनमध्ये मुद्दाम विचारायला आला. चहा पिता पिता मी म्हणालो, रिकामा म्हणजे नाहीच धर, कागद मी नंतर सुधारतो. तो मी सुधारला नाही.

पुढे एका बाईंना कोणी ॲलर्जी विचारलीच नाही. रकाना रिकामा, म्हणून प्रोग्रामने इंजेक्शनला हरकत घेतली नाही. त्या आठ दिवस अतिदक्षता विभागात होत्या, वाचल्या. चौकशीत सुदर्शन म्हणाला, “सर, कँटीनमध्ये तुम्हीच सांगितलं होतं ना?”

मी म्हणालो, “कागदावर असेल तेवढंच मी सांगितलेलं असतं.”

त्याची नोकरी गेली. नंतर तो मला एका शब्दाने बोलला नाही, म्हणून त्याने मनावर घेतले नसेल असे मी एकोणीस वर्षे धरून चाललो. गेल्या मार्चमध्ये तो वारल्याचे कळले. मला माझी लाज वाटते. पूर्णिमालाही मी हे कधी सांगितले नाही.

४. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तो मूळ कागद आहे. त्याच्या मागे मी माझी चूक सहीनिशी लिहिली आहे. सलिलने तो स्वतः धाराशिवला जाऊन सुदर्शनची मुलगी वैष्णवी हिच्या हातात द्यावा. कुरिअरने पाठवू नये. तिची इच्छा असेल तर प्रत कंपनीला द्यावी. तिने फाडला तर फाडू द्यावा. ती वाटेल ते बोलली तर उभे राहून ऐकावे, मध्ये बोलू नये.

ती काहीच बोलली नाही, तर तिने मला माफ केले असे धरू नये.

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५
सही: श्रीनिवास विष्णू साठ्ये

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. जयसिंग बाळासाहेब तुपे, हडपसर
२. डॉ. दीपमाला अनंत रास्ते, कर्वेनगर