घरचं सिम बंद

६ फेब्रुवारी, गुरुवार

माणसाचं बोलणं मध्येच तोडलं तर ते पुढं कुठून सुरू करायचं? मला खरंच माहीत नाही.

आज आक्काचा फोन तोडला. कोडोलीच्या समाजमंदिरातल्या आमच्या अभ्यासिकेला कागलच्या एका कारखान्यातून जुने संगणक मिळालेत. त्यांची सिस्टिम इतकी जुनी, की भरतीच्या सराव परीक्षेचं पानच उघडत नाही. म्हणून एकावर नवी सिस्टिम चढवतेय. शेकडो फायली उतरायच्या आणि नेट फक्त माझ्या मोबाईलचं. त्यात दोन सिम. घरच्या सिमवर फोन आला की दुसऱ्यावरचं नेट थांबतं — डाउनलोड तुटलं!

आक्का कबनूरहून, सासरहून बोलत होती. यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून. ‘जेवलीस का गं, कंप्युटरबाई? आमच्या क्रांतीचं जरा…’

‘आक्का, तुटलं की! नंतर बोलूया.’

‘व्हय, व्हय. तुझं हुं दे.’

७ फेब्रुवारी

तीच कमांड परत दिली. उतरलेलं सगळं जागच्या जागी होतं. अर्धी राहिलेली फाईलसुद्धा अर्ध्यापासूनच पुढं सुरू झाली. किती बरं वाटलं! काहीच वाया गेलं नाही.

सयाजीमामा अभ्यासिकेची किल्ली घेऊन दारात बसलेले. ‘दोन दिस नुस्तं गिळतंय. ढेकर कवा देणार ते?’ पोरी खो खो हसल्या.

आक्काचा परत फोन. परत तुटलं. घरचं सिम बंद करून टाकलं.

९ फेब्रुवारी

अजून उतरतंय.

१० फेब्रुवारी

झालं! अभ्यासिकेतल्या मोनानं पहिला सराव पेपर सोडवला. सयाजीमामांनी पेढे वाटले. मी म्हणाले, आपल्यातली एकही मुलगी शिक्षण अर्धं सोडणार नाही. टाळ्या!

घरी येऊन सिम सुरू केलं. मेसेजवर मेसेज — आक्काचे फोन येऊन गेलेले. लगेच लावला.

‘काय सांगत होतीस गं परवा?’

‘ऱ्हाऊ दे आता.’

‘सांग की!’

‘क्रांतीची सुपारी फुटली काल. तुझ्या दाजींनी शब्द दिला. म्हटलं, तू शिकल्याली, तू बोललीस तर ऐकतील. तुझा फोनच लागंना.’

क्रांती, आक्काची लेक, दहावीत आहे. परीक्षा तोंडावर. लग्न येत्या रविवारी.

मी लहान होते तेव्हा मला सांभाळायला आक्कानं नववीतच शाळा सोडली होती.

११ फेब्रुवारी

दाजींना फोन केला. ‘पावणं ठरल्यात. तू तुझी यंत्रं बघ.’

आई म्हणाली, ‘बहिणीचा संसार मोडशील.’ मोडेलही. आईला खोटं कसं म्हणू?

मग आक्काला विचारलं — तक्रार करू? नुसता खडखडाट ऐकू येत राहिला. आज मी फोन ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘क्रांती पुस्तकं घिऊन माळ्यावर बसलीया. खाली याला तयार न्हाय.’

१२ फेब्रुवारी

सकाळी १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला. दाजींचं नाव दिलं, पत्ता दिला. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतो, म्हणाले. ‘नको,’ म्हटलं, ‘मावशीनं केली म्हणून सांगा.’ आक्काचं नाव कुणाच्या डोक्यात यायला नको.