पिवळ्या दाराचं पुस्तक

प्रिय मोहिनी,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आजीचा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय आणि आजी गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतेय. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीतच आहे. मी विचारतो जेवलीस का, तू म्हणतेस हो. मी विचारतो अभ्यास, तू म्हणतेस चालू आहे. मग दुसरा कधी फोन ठेवतो याची दोघंही वाट बघत बसतो. म्हणून म्हटलं, लिहावं. शाळा सुटल्यापासून मी एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. रत्नाआत्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव. ती मागितल्याशिवाय राहायची नाही, माझीच बहीण आहे ती.

तर तुझं ते पुस्तक. काळं कव्हर आणि मधोमध पिवळं दार. दिवाळीत मी किती धीर गोळा करून तुला विचारलं होतं, की रत्नाआत्याने सुचवलेल्या त्या एरंडोलच्या कामिनीबाईंशी मी लग्न करावं का, तुला चालेल का. तू भाकरी संपवलीस, हात धुतलेस, आत गेलीस आणि हे पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलंस. आधी हे वाचा पप्पा, मग बोलू, एवढंच म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी आत्याकडे परत जायला धुळ्याची गाडी धरलीस. अगं बाई, मी साधं हो की नाही विचारलं होतं! त्याचं उत्तर म्हणून कोणी बापाला भुताची कादंबरी देतं का? तीही तुमच्या वयाच्या पोरांसाठी लिहिलेली! पेपर आणि केळीचा भाव यापलीकडे मी काही वाचत नाही, हे तुला काय माहीत नव्हतं?

पहिले काही दिवस ते कपाटावर तसंच पडून होतं. येता-जाता ते दार दिसायचं आणि मला उगाच धास्ती वाटायची. शेवटी एका दुपारी शेतात घेऊन गेलो. सुरुवात बरी होती. इरा नावाची मुलगी, तुझ्याएवढीच. आई वारलेली. ती आणि तिचे बाबा एका मोठ्या घरात राहतात, आणि एका सकाळी उठून बघते तर घरातली एक खोली नाही. पडलीबिडली नाही हां, नाहीच. तिथे सपाट भिंत. ती बाबांना विचारते तर बाबा चहा पीत म्हणतात, इथे खोली नव्हतीच कधी. मला जरा काटाच आला. पण पुढे जी काय गंमत आहे! तिसऱ्या प्रकरणानंतर एकदम नववं. नवव्यात इरा लहान. मग चौथं, त्यात ती स्वतःलाच जिन्यावर बसलेली बघते. मध्येच कोणीतरी 'मी' म्हणून बोलायला लागतं, आणि हा 'मी' म्हणजे इरा, की तिची आई, की ते घर, काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं छापखान्यात घोळ झाला, पानं उलटीपालटी शिवली गेली. मोटार दुरुस्तीला जळगावला गेलो होतो तेव्हा पुस्तक पिशवीत टाकलं आणि दुकानात बदलून मागितलं. काउंटरवरच्या मुलीने पानं चाळली आणि हसू दाबत म्हणाली, काका, ते असंच आहे. मी तरी वाद घातला. मागे उभी असलेली कॉलेजची पोरं खिदळायला लागली तेव्हा गप निघून आलो.

पण खरं सांगू? सोडवेना. डोकं भणभणायचं, तरी सोडवेना. पाणी चालू करून बांधावर बसायचं, वाचायचं, उठायचं, चार फेऱ्या मारायच्या, परत बसायचं. आजी म्हणाली, तुले काय झपाटलं काय रे? मी म्हटलं हो. कापणीला बादलची टोळी आली होती. तुला आठवतो ना पाल गावाकडचा बादल, तू लहान असताना डोंगरातली बोरं आणून द्यायचा तो. चहाच्या वेळी त्याने विचारलं, काय वाचता भाऊ एवढं? मी थोडं सांगितलं आणि फसलो. दुसऱ्या दिवसापासून घड उतरवायच्या आधी बठ्ठीच्या बठ्ठी टोळी विचारायची, भाऊ, आज कोणती खोली गेली? देवघर गेलं म्हटल्यावर एक बाई हातातलं काम टाकून खाली बसली. ट्रकवाला हॉर्न वाजवून वैतागला, आणि आम्ही सगळे लिंबाखाली भुताच्या घरात.

आता जरा नीट ऐक. पुस्तकाच्या मध्यावर ते बाबा दुसरी बायको आणतात. विभा तिचं नाव. ती बॅग घेऊन दारात उभी राहते, आणि त्याच सकाळी इराची स्वतःची खोली जाते. पलंग, पुस्तकं, खिडकी, सगळं. इरा खोल्यांमधल्या बोळीत उभी आणि समोर भिंत. मी तिथे पुस्तक मिटलं. बादलने विचारलं तर त्याच्यावरही खेकसलो. मला वाटलं, मिळालं आपलं उत्तर. पोरगी तोंडाने सांगू शकली नाही, म्हणून पुस्तक दिलं. तुम्ही त्या बाईला आणलंत तर माझी जागा जाईल, असंच तू म्हणतेयस. मी तिथूनच, केळीतूनच, एरंडोलला फोन लावला आणि जमणार नाही म्हणून सांगून टाकलं. माफी मागितली, तब्येतीला जपा म्हटलं, काय काय बोललो देव जाणे.

त्या बाईंचं मात्र कौतुक वाटलं हं. दुसरी कोणी असती तर फोन आपटला असता. यांनी विचारलं, कारण काय? इकडे दिसेल त्याला आपण भाऊ म्हणतो, पण कामिनीबाई पहिल्या भेटीपासून तो शब्द बरोबर टाळत आल्यात, तेव्हाही टाळला. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, एका पुस्तकामुळे. त्यांनी पुस्तकाचं नाव विचारून घेतलं. मग विचारलं, पूर्ण वाचलंत? मी म्हटलं, अर्धं. त्या शाळेत गणित शिकवतात हे मी विसरलोच होतो. म्हणाल्या, अर्धं गणित सोडवून उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी शून्य देते. पुस्तक मला द्या, मी बघते.  जळगावच्या स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही भेटलो, चहा घेतला, त्यांनी पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि एरंडोलच्या गाडीत बसून गेल्या.

आणि माझी जी तगमग सुरू झाली, काय सांगू! पुस्तक मिटताना वाटलं होतं सुटलो. कसलं काय. इरा त्या बोळीतच उभी आणि मी इकडे. जेवताना तेच, पाणी देताना तेच. घरात आलो की माझं लक्ष भिंतींकडे जायचं. ओसरीवर झोपाळ्याच्या कड्या आहेत ना, नुसत्याच कड्या, त्यांच्याखाली जाऊन उभा राहिलो. तुझ्या आईचं शिलाई मशीन असायचं त्या कोपऱ्यात आता खताच्या गोण्या आहेत. आईचा फोटो मी माळ्यावर ठेवला तेव्हा तू सातवीत होतीस, येता-जाता तो दिसायचा आणि तू जेवण टाकून उठायचीस, म्हणून ठेवला. मशीनही त्यासाठीच आणि झोपाळाही. पोरीला त्रास नको, एवढंच डोक्यात होतं. तू एकदा विचारलं होतंस, मशीन कुठे गेलं, आणि मी म्हटलं होतं, अभ्यास कर. गोण्यांकडे बघताना मला त्या पुस्तकातला चहा पिणारा बाप आठवला.

त्यात आजीने वेगळंच काढलं. मी नकार कळवलाय हे तिला सांगितलंच नव्हतं. ती आपली लग्नाच्या तयारीत. म्हणाली, बाकी काही कर नको कर, पण पहिलीचा टाक आधी घडव. तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आपल्याकडे पहिली बायको गेलेली असेल तर तिच्या नावाचा चांदीचा छोटा टाक करतात, त्यावर तिचा मुखवटा उमटवतात, आणि दुसरी तो गळ्यात घालते. नाहीतर पहिली त्रास देते म्हणे. मी चिडलो. म्हटलं, ती कोणाला त्रास देणार? जिवंतपणी तिने मुंगीला त्रास दिला नाही!  आजी माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत घरात तिच्याबद्दल मी पहिल्यांदा काही बोललो होतो. आजीने पदर डोळ्याला लावला आणि भरीत ढवळायला गेली.

मग पुस्तक आलं. एरंडोलच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलेलं, पेपरात बांधून, चिठ्ठी नाही काही नाही. फोन केला तर म्हणाल्या, वाचा, मी काही सांगणार नाही. मी पाणी सोडलं आणि बांधावर बसलो तो उठलोच नाही. दोन ओळी पाण्याने तुडुंब भरल्या, चप्पल वाहून गेली, मला पत्ता नाही. मोहिनी, मी सगळंच उलटं धरलं होतं गं. खोल्या त्या विभामुळे जात नाहीत. त्या जातात बाबांमुळे. आईची एकेक आठवण ते बाबा गप्प बसून पुसतात आणि एकेक खोली जाते. इराची खोली जाते, कारण ती खोली आईने रंगवलेली असते. आणि तो मधूनच बोलणारा 'मी' म्हणजे आई, ती बिचारी उरलेली दारं आतून धरून ठेवतेय, बंद होऊ नयेत म्हणून. मी तिला भूत समजून घाबरत होतो! आणि विभा, जिला मी चेटकीण धरून चाललो होतो, ती त्या घरातली पहिली बाई जी इराला जवळ बसवून विचारते, तुझ्या आईचं नाव काय होतं? इराला ते आठवत नाही. दोघी बाबांकडे बघतात. एकच खोली उरलेली असते, तिचंही दार मिटत चाललेलं. बाबा उंबऱ्यात उभे, तोंड उघडतात, आणि पुस्तक संपतं! पुढचं पान कोरं. मी उलटून बघितलं, सुलटून बघितलं. पुन्हा त्या दुकानात जायला निघणार होतो, आई शप्पथ. असं कोणी संपवतं का? पुढे बोलतो की नाही तो मेला?

मग कळलं, तू मला हे का दिलंस. कळलं असं मला वाटतं, आधी एकदा चुकलोय, तेव्हा आता तूच सांग. बादलच्या टोळीला शेवट सांगितला तर कोणाला पटला नाही. बादल म्हणाला, भाऊ, नाव तर सांगायला पाहिजे होतं.

कामिनीबाईंशी बोललो. टाकाचंही सांगितलं, घाबरत घाबरत. त्या म्हणाल्या, घालीन की. पण भीतीने नाही. ज्या घरात मी येणार तिथे आधी कोण होतं हे मला रोज माहीत असायला हवं, आणि मुखवटा कोणत्या फोटोवरून करायचा ते मोहिनीने ठरवायचं. त्यांना मी अजून हो म्हटलेलं नाही, तुझ्या उत्तराशिवाय म्हणणारही नाही. तू नाही म्हणालीस तरी राग नाही, आणि टाक तरीही घडवायचाच, मग तो तुझ्याजवळ राहील. फोटो माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. झोपाळा परवा लावला, आजी दुपारभर त्यावर बसून असते. गोण्या गोठ्यात हलवल्या. मशीनला तेल दिलंय, पण सुई कशी बसवतात ते मला येत नाही. येत्या रविवारी तू जळगावला ये, आपण सोनाराकडे जाऊ. हे पत्र लिहिलं ते त्यासाठीच. सोनार विचारणार, मागे नाव काय घालायचं. तेव्हा तू सांगू नकोस, आजीलाही सांगू देऊ नकोस. मी सांगणार आहे, मोठ्याने, सगळ्यांसमोर. लग्नात सगळ्या बायकांनी वेढून उखाणा घ्यायला लावला होता तेव्हाही मी अडखळलो होतो, तसा अडखळलो तर नुसती शेजारी उभी राहा. गेले दोन दिवस बांधावर एकटा म्हणून बघतोय, आवाज फुटत नाही. म्हणून आधी इथे लिहून बघतो. तुझ्या आईचं नाव ललिता.

तुझाच,
पप्पा