दुकानातच राहिलेला वास

बालाघाट,
८ जानेवारी १९६८

प्रिय गुणाकर,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, तेव्हा आता शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात सोडलेलं काही मला आवडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

मी जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले. एकतीस वर्षं गणित शिकवलं. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या. माझा अंदाज, सुटल्याच्या आनंदानं. तुझ्या तांदळाच्या दुकानाच्या जागी आता सायकली दुरुस्त होतात. तिथं रबराचा आणि तेलाचा वास येतो. मी पलीकडच्या बाजूनं जाते, तरी पाऊल मंदावतंच.

दुकान काढलंस तेव्हा मला खुपलं होतं. बी.ए. झालेल्या बहिणीनं शिकवायचं आणि भावानं पोती फोडून बसायचं! तरी पाटी मीच रंगवून दिली. पहिले दोन महिने गिऱ्हाईक समोरच्या जुन्या दुकानातच जायचं. तू हात बांधून बघत बसायचास. मग एका बाजाराच्या दिवशी तू घरातली शेगडी उचलून नेलीस. खेड्यांतली माणसं पहाटे निघून दहा-अकराला इथं पोचत. ती भुकेली असतात हे सगळ्याच दुकानदारांना माहीत होतं. त्या भुकेचा विचार तू एकट्यानं केलास. पायरीवर शेगडी, तिच्यावर आईचा भाताचा पितळी गंज, गंजात नवा, वासाचा चिन्नोर तांदूळ आणि झाकण तिरपं. नदीकडून वारा सुटला की तो सुवास पार मिठाच्या दुकानापर्यंत जायचा. मीठ घ्यायला निघालेल्या बाया वाटेत थबकायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि तुझी पायरी चढायच्या. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत फाटकातून हे पाहिलं आहे. तुला कधी सांगितलं नाही, पण पहिल्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या वर्षी मात्र माझ्या लक्षात आलं की बहुतेकजण घेऊन जातात तो जाडा तांदूळ. चिन्नोर परवडणारे किती? नाकात एक आणि पिशवीत दुसरं. मी तुला विचारलं, तर तू हसलास. ‘ताई, मी वासाचे पैसे घेत नाही. भाव पाटीवर लिहिला आहे, तोही तुझ्याच अक्षरात.’ मला ते उत्तर उर्मट वाटलं. खरं सांगायचं तर ते बरोबर होतं, म्हणून उर्मट वाटलं.

मग वारासिवनीकडची तुझी गिऱ्हाईक तुळसाबाई मला बाजारात भेटली आणि चारचौघींत म्हणाली, ‘बाई, तुमच्या भावाच्या दुकानातला वास मोठा शाना हाये. आमच्या संगं घरी येतच नाही, दुकानातच राह्यते!’ बाया हसल्या. मी तशीच तुझ्या दुकानात आले. पुढचं तुला माहीत आहे. तांब्याभर पाणी मी शेगडीवर ओतलं. राख उडाली, धूर झाला, आणि दहा-बारा गिऱ्हाइकांसमोर मी तुला शाळेत मुलींना विचारायचे तसं विचारलं की फसवणूक या शब्दाचा अर्थ सांग. तू तेहतीस वर्षांचा होतास. तू गंज पुसून मला दिलास, ‘आईला परत दे’ म्हणालास. महिन्याभरात भिलाईला गेलास. तेव्हापासून आईला तुझी कार्डं येतात, त्यांत माझं नाव नसतं. आईला वाचून दाखवताना मी ते घालत नाही. नसलेलं वाचायची मला सवय नाही.

डिसेंबरात तुळसाबाई घरी आली. आई आजारी असल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. पदरात बांधून नवा चिन्नोर घेऊन आली. तुझी चौकशी केली. मी त्या दिवसाचं बोलले, तर तिनं कपाळाला हात लावला. ‘अवं बाई, मी तं गंमत केलती! तुम्ही तं शाळाच भरवली.’ मग म्हणाली, तो गंजातला भात दुपारी तू पळसाच्या पानांवर त्यांनाच वाढायचास. लांबून आलेल्यांना आधी, गाडीवानांना नंतर, वरून पातळ वरण. ‘बाजाराच्या दिवशी आम्ही घरून भाकर आनतच नव्हतो.’ सात वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आता आईचं. दिवाळीपासून तिनं अन्न जवळजवळ सोडलं आहे. डॉक्टर येतात, औषध देतात आणि माझ्याशी बोलताना नजर चुकवतात. तुळसाबाई गेल्यावर मी तो चिन्नोर शिजत ठेवला. आईनं डोळे उघडले. ‘गुणाकरनं दुकान उघडलं वाटते,’ म्हणाली, आणि उठवून बसवायला सांगितलं. वाटीभर जेवली. आता चिन्नोर थोडाच उरला आहे, आणि यंदा पिकलाच कमी, त्यामुळे मिळणंही कठीण. म्हणून मी रोज मूठभर खाटेजवळच्या शेगडीवर ठेवते, झाकण तिरपं करते आणि तिला जाड्या तांदळाची पेज भरवते. ती खाते. ‘तो जेवला का वं?’ विचारते. मी सांगते, गिऱ्हाईक आहे, दुकान बंद करून येईल. असं सांगता सांगता आज नऊ दिवस झाले. तुला चारचौघांत जिचा अर्थ विचारला होता, ती फसवणूक आता मी रोज चमच्याचमच्यानं करते आहे.

पाणी ओतलं ते चुकलं, गुणाकर. ते मी सगळ्यांसमोर केलं, ही माफी मात्र बंद पाकिटातून मागते आहे. एवढी सवलत मला दे. काल आईनं विचारलं, ‘दुकानातून घरी यायले इतका वेळ काहून लागून राह्यला त्याले?’ माझी उत्तरं संपली आहेत आणि डॉक्टरांच्या मते दिवसही फार नाहीत. गोंदियाहून इकडची छोटी आगगाडी पकड. माझ्यावरचा राग सोबत आण, मी ऐकून घेईन. पण आधी आईजवळ जाऊन बस. मी तिला सांगून ठेवलं आहे की येत्या शनिवारी तू दुकान लवकर बंद करणार आहेस.

तुझीच,
ताई