जित्या पोराला रडलेली बाई

कशेडीखालची वाडी, ता. पोलादपूर
९ नोव्हेंबर

चि. सौ. आवडीस, बनुताईचे अ. उ. आ. आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढचं सगळं पत्र रागाचं हाय.

कोंडाजीच्या वडापच्या जीपमधून धाडते. फोन का नाय केला म्हणून विचारू नको. फोन ह्यांच्या खिशात नि रेंज देवळाच्या कातळावर. तिथं उभं राहून बोललं की अर्धी वाडी कान लावून बसते. माझं अक्षर चौथीचं हाय, तसंच वाच.

तर तो बिनआवाजाचा पिक्चर. गेल्या साली मुंबईचा ओंकार कॅमेरा घेऊन आला नि वाडीतल्याच माणसांना उभं करून त्यानं काढला, तो. नदीला पोरगा वाहून गेलेली आई मला केलं. दिवाळीआधी महाडच्या हॉलात दाखवला तेव्हा तू माझ्या बाजूलाच होतीस. वाडीतल्या बाया पदर तोंडात कोंबून रडत होत्या, बघितलंस ना? महिपत सरपंच बाहेर येऊन मला म्हणाला की वहिनी, काळीज काढून ठेवलंत.

आता कुणा प्रियदर्शिनी बाईनं त्या पिक्चरबद्दल पेपरात लिहिलंय. पेपर वाडीत आलाच नाय. नुसती खबर आली, की बनुबाईनं पिक्चर बिघडवला. झालं! तोच महिपत काल चावडीवर सांगत होता की त्याला तेव्हाच वाटलेलं, जरा जास्तच झालं. रडलेल्या बाया म्हणतात, हॉलातल्या गार वाऱ्यानं डोळ्याला पाणी आलं. एकीनं पण पेपर बघितलेला नाय. बघितला पिक्चर, पण विश्वास पेपरावर.

त्यांचं जाऊ दे. ओंकार घाबरलाय. मोठ्या थेटरात लावायच्या आधी माझं रडणं कापीन म्हणतो. ह्यांना तर बरंच वाटलं. तुला ठाव हाय ना, आपल्यात हेल काढून रडतात ते मेलेल्याला. त्याचं नाव घ्यायचं, त्याचे गुण सांगायचे. मी कॅमेऱ्यापुढं तशीच रडले नि नाव घेतलं आपल्या सुशांतचं. जित्या पोराला रडली, घरावर अवदसा आणली, एवढं बोलले नि तेव्हापासून हे माझ्या हातचं जेवतात पण माझ्याशी बोलत नायत.

जिता हाय का, ते तरी कुणाला ठाव? तीन शिमगे झाले. पालखीपुढं चार माणसांत बापानं पोराच्या कानफटात दिली नि तो तसाच निघून गेला. फोन बंद. मुंबईत नाय, पुण्यात नाय.

आवडे, मी पिक्चरात गेले ती हौस म्हणून नाय गो. ओंकार म्हणाला होता, मावशी, आवाज येणारच नाय, तोंडाला येईल ते बोला. मला वाटलं, पिक्चर गावोगाव जातो. कुठंतरी सुशांत बघेल. माझ्याकडं धाडायला दुसरं काय हाय? तेच कापलं तर मी काय करू? तू महाडात राहतेस, चार शिकलेली माणसं ओळखतेस. ओंकारला थांबव. आणि ती बाई काय बोललेय ते जसंच्या तसं उतरून धाड. गोड करू नको.

पोरांचा पापा घे. माया हाय ती राहू दे.
बनुताई

महाड
१४ नोव्हेंबर

ती. बनुताईस, धाकट्या आवडीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कोंडाजीने भर दुकानात हातात दिलं आणि आत काय असेल ते तोंडानेही सांगितलं. तेव्हा कातळावरचा फोन काय आणि हे काय, सारखंच.

पेपर मिळवला. नदी, माणसं, उजेड या सगळ्याचं त्या बाईने कौतुक केलंय. मग हे लिहिलंय, गोड न करता उतरते: "मुलगा गमावलेल्या आईच्या प्रसंगात मात्र चित्रपट कोसळतो. खऱ्या दुःखात माणूस गप्प होतो. ही आई शोक करत नाही, सभा घेते. तिचे ओठ इतके हलतात, की आपण मूकपट पाहतो आहोत याचाच विसर पडतो." बस, एवढंच. तुझं नावही नाही.

इथे दोन तट पडलेत. वाचनालयातले सर म्हणतात, परीक्षण फार अभ्यासू आहे. पिक्चर त्यांनी पाहिलेला नाही. आमच्या शेजारच्या जहांआराभाभीने माझ्याबरोबर पाहिला होता. ती म्हणाली, या बाईच्या घरातलं अजून कुणी गेलं नसेल, आणि अल्ला करो, न जावो.

ओंकारला फोन केला. पोरगा वाईट नाही गं, रडवेला झालाय. तुझा प्रसंग त्याला स्वतःला आवडतो, पण थेटरवाले तेच एक वाक्य त्याच्या तोंडावर फेकतात. महिनाअखेर ठरवतो म्हणाला.

आणखी एक. बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. तुझ्या रडण्याचा तुकडा कुणीतरी मोबाईलवर फिरवलाय. त्याला आवाज नव्हताच, म्हणून निवडणुकीच्या सभेतलं भाषण चिकटवलंय. तू हात पसरतेस आणि आतून कुणी बाप्या ओरडतो, मतदार बंधू-भगिनींनो. खाली त्या बाईचं वाक्य. शाळेतल्या पोरांपर्यंत गेलाय तो.

रागावू नकोस, पण येसाजीभावजी अगदीच चुकीचे नाहीत. जित्या माणसाला हेल काढू नये, हे आईनेच आपल्याला शिकवलं होतं. हॉलमध्ये तू सुशांतचं नाव घेतेयस हे तुझ्या ओठांवरून मला कळलं, तेव्हा मीही पडद्यावरून नजर काढली.

तुझा राग आहे तोवर तू धड आहेस असं मी समजते. तो आमच्यावर असाच असू दे.
आवडी

कशेडीखालची वाडी
१९ नोव्हेंबर

चि. सौ. आवडीस आशीर्वाद. अर्धेच देते ह्या वेळी.

तू पण त्यांच्यातलीच निघालीस. बरं.

तुकडा बघितला. वाडीतल्या पोरांनी आणून दाखवला. माझं तोंड नि आत बाप्याचा आवाज. पहिल्यांदा मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? मग फोन त्यांच्या हातात परत दिला. माझं तोंड रिकामं दिसलं, तर ज्याला जे गावलं ते त्यानं कोंबलं. आता पाण्याला गेले तरी पोरं मागनं ओरडतात, बंधू-भगिनींनो. महिपतची नात पण.

दुःखात माणूस गप्प होतो म्हणे. तिच्याकडं होत असेल. आपली आई गेली तेव्हा तू कोपऱ्यात गप्प बसलीस, तर थोरल्या काकीनं तुला चिमटा काढला होता की रड गो, लोक म्हणतील पोरीला माया नाय. विसरलीस? आपल्यात रडणं म्हंजे बोलणंच. एका परीनं ती बाई चुकली नाय. मी बोलतच होते.

काल ह्यांना विचारलं, पोर जिता हाय असं तुम्हाला एवढं ठाम वाटतं, तर शोधायला का नाय गेलात? अर्धी भाकरी टाकून उठले नि गोठ्यात जाऊन बसले. गुरांशी बोलतात, माझ्याशी नाय.

आवडे, मी आता सरळच लिहिते. मला काय सुचत नाय. उठले की वाटतं, आज ओंकार कापेल. झोपले की वाटतं, कापलं असेल. त्याला सांग, माझं नाव काढ. कौतुक नको. तोंड लांबून दाखव, पण ठेव. पाया पडते म्हणावं. मी कधी कुणाच्या पाया पडत नाय, तुला ठाव हाय. नाय ऐकलं तर मी महाडला येऊन थेटराच्या दारात उभी राहीन नि तिकीट काढणाऱ्या एकेकाला रडून दाखवीन. आवाजासकट.

उरलेला आशीर्वाद तू काम केलंस की.
बनुताई

महाड
२७ नोव्हेंबर

ती. बनुताईस शि. सा. न.

खाली बसून वाच. तव्यावर भाकरी असेल तर उतरव आधी.

सुशांत जिवंत आहे. शारजात आहे.

जहांआराभाभीचा ताबिश तिथे गोदामात कामाला आहे, तुला माहीत आहे. शुक्रवारी महाडकडची पोरं त्यांच्या खोलीवर जेवायला जमतात. एक नवा मुलगा यायला लागला होता. मी मुंबईचा, मला गाव नाही, असं सांगायचा. परवाच्या शुक्रवारी कुणीतरी तुझा तुकडा लावला. सगळे हसले. या मुलाने फोन मागून घेतला, आवाज बंद केला आणि शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाला, ही सभा नाही, आमच्याकडे बायका मेलेल्याला अशा रडतात. आणि जेवण सोडून उठला. गाव नसलेल्या पोराला हे कुठून ठाऊक, म्हणून ताबिश त्याच्या मागे गेला. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण तूच म्हणतेस गोड करू नको. तो ताबिशला म्हणाला, ती माझी आई. माझ्या नावाने रडून मोकळी झाली, सगळ्या गावाने पाहिलं. त्यांच्या लेखी मी गेलो. आता मेलेल्या माणसाने घरी फोन करून कुणाला भिववायचं? त्याने नंबर दिला नाही. घरी कळवू नकोस अशी शपथ घातली. ताबिशने शपथ मोडून आईला सांगितलं, आणि भाभी पडवीतूनच मला हाका मारत आली.

तो मूकपट होता ताई. तू काय बोलतेयस ते त्याला कुठून ऐकू येणार? त्याने नुसते हात पाहिले आणि तोंड पाहिलं.

ताबिश म्हणतो, पत्र असेल तर नेऊन त्याच्या हातात देईन. भाभीची सून अलीशबा पाच तारखेला तिकडे जातेय. त्याआधी लिही, नाहीतर फोनवर आवाज भरून पाठव. ओंकारला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता ठेवायचं की कापायचं ते मावशींनी सांगावं, थेटरवाल्यांचं मी बघतो.

मी चुकीचं बोलले होते त्याचं मग भांडू. तोवर लोभ कमी करू नकोस.
आवडी

कशेडीखालची वाडी
१ डिसेंबर

चि. सुशांतास, आईचे अ. उ. आ. औक्षवंत हो. हे पहिलं लिहिते, बाकीचं मागनं.

आवाज भरायला कातळावर गेले होते. फोन तोंडापुढं धरला नि नुसता खोकला आला. महिपतची म्हातारी विचारायला लागली कुणाशी बोलतेस. म्हणून लिहिते. ताबिशनं शपथ मोडली म्हणून त्याच्यावर रागावू नको. त्याला पण आई हाय.

तू तो तुकडा बघितलास. आवाज बंद केलास. बरं केलंस, तो आवाज माझा नव्हता. पण तो बंद केल्यावर मागं माझा आवाज पण नव्हता, हे तुझ्या ध्यानात कसं नाय आलं? पिक्चर काढताना वाडीतली माणसं तिथं उभी होती, त्यांनी कानानं ऐकलंय, कुणाला पण विचार. मेलेल्याला गेलास रे म्हणतात. मी एकदा पण गेलास बोलले नाय.

मी बोलले ते असं. सुशांता, ये रे. तांबडी व्याली, कालवड झाली, तिला अजून नाव ठेवलं नाय. पडवीवर नवे पत्रे घातले, तुझी खाट तिथंच हाय. ज्या हातानं मारलं तो हात तुझ्या बापानं परत पालखीला लावला नाय, लोक बोलवायला येतात नि हे गोठ्यात जाऊन बसतात. ये रे. बापाशी बोलू नको, माझ्याशी बोल. माझ्याशी पण बोलू नको, जेव नि झोप. पण ये.

एवढंच होतं. कागदावर हेल येत नाय. तिथं ते लांब झालं होतं, इथं लगेच संपलं.

खरं ते लिहिते. ओंकारनं रडा म्हटलं तेव्हा मला दुसरं रडताच येईना. आम्हाला रडायची एकच तऱ्हा शिकवलेली. जित्याला बोलवायची निराळी तऱ्हा असती तर ती केली असती. ती नाय, म्हणून मेलेल्याची वापरली. त्यात तुझ्या बापाला अपशकुन दिसला, पेपरवालीला सभा दिसली नि तुला तुझं मढं दिसलं. मी दोष कुणाला देऊ?

ओंकारला निरोप धाडलाय, काप. ज्याच्यासाठी होतं त्याला उलटंच पोचलं. आता ते परत कुठं दिसायला नको.

तुझ्या बापाला तुझं सांगितलं. हातातलं दावं धरून तसेच उभे राहिले. मग संध्याकाळी आंघोळीचं पाणी काढताना, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला विचारलं, बारीक झालाय काय? मी म्हटलं मला काय ठाव. तर तेवढं कळव. त्यांना नाय कळवायचं तर मला कळव, मी सांगीन.

अलीशबाच्या पिशवीत घालायला कुळथाचं पीठ धाडलंय. पिठलं कर, ताबिशला पण घाल. यायला नाय जमलं तर नको येऊ, मी ओढायला येऊ शकत नाय. पण मेलो असं बोलू नको. ते बोलायचा हक्क तुला नाय, तू माझ्या पोटचा हायस.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत हाय. ते मागनं बघू. तू हे वाचतोयस म्हंजे मेला नायस. मग उत्तर टाक.

तुझी आई
बनुबाई