घर बरोबर मध्यभागी

४ जानेवारी १९८८, सोमवार

मनिला कायमची सोडली. एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात फायली लावल्या, आता जमीन मार्गी लावायची. नवी वही, नवं पेन. रोज लिहायचं, निदान अर्धं पान.

बसने सकाळी नऊला उतरवलं. गाव होतं तसंच आहे, म्हणजे मागासलेलं. मानांग निना रस्त्यावर येऊन उभी होती. माझी थोरली बहीण (इथे ताईला मानांग म्हणतात), वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. माझी ट्रंक उचलायला धावली. मी नको म्हणालो, पण फार ताणलं नाही. उगाच तिला वाईट वाटलं असतं.

मुक्काम सध्या तिच्याच घरी. बांबूचं घर, खांबांवर उभं, गवताचं छप्पर. एक खोली आणि चुलीपुरता सोपा. खोली तिने आम्हां नवराबायकोला दिली, स्वतः चुलीजवळ निजते. तिथे ऊब असते. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, तोवर माझा सिमेंटचा बंगला उभा राहील.

६ जानेवारी

पाच वाजता उठायचं ठरवलं होतं. आठ दहाला उठलो. प्रवासाचा शीण.

जमिनीची पाहणी केली. बाबांनी ती माझ्या नावावर केली, कारण घरात सही मलाच चांगली येत होती. मानांगने नवरा गेल्यावर इथंच राहून आईबाबांचं शेवटपर्यंत केलं, तेव्हा तिचाही हक्क आहे असं लिओनिसा म्हणते. लिओनिसा माझी बायको, भावनाप्रधान आहे. अहो, मी तरी कुठे नाही म्हणतोय? हक्क आहेच. राहण्याचा. कुठे राहायचं, हा मॅनेजमेंटचा प्रश्न झाला.

९ जानेवारी, सकाळी १०

प्लॅन तयार. मासिकातलं आदर्श शेतघर समोर ठेवून काढला. घर बरोबर मध्यभागी. उजवीकडे माशांचं तळं, डावीकडे डुकरं, पुढे लॉन, लॉनपुढे फाटक, फाटकावर माझं नाव.

अडचण एकच. मध्यभागी मानांगचं घर आहे. विहीरही तिथेच, चिंचही तिथेच. जुन्या लोकांना प्लॅनिंगची अक्कल नव्हती.

उपाय सापडला. मानांगचं घर मागच्या कोपऱ्यात. जागा जरा सखल आहे, पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. पण घर खांबांवर असताना पाण्याला भ्यायचं कशाला?

१० जानेवारी, जेवणानंतर

मानांगला सांगितलं. ती वांगी चिरत होती. चिरून झाली तशी म्हणाली, कार्पो, आई याच खोलीत गेली, बाबा याच खोलीत गेले, माझा माणूसही इथंच गेला. माझे तरी किती दिवस राहिलेत? मला इथंच मरू दे बाबा, मग बांध तुझा बंगला.

मी न चिडता विचारलं, अंदाजे कधी?

तिला सांगता आलं नाही. असा बेमुदत प्रोजेक्ट लांबवता येत नाही.

लिओनिसा उठून गेली. दुपारपासून माझ्याशी बोलत नाही. हवा मानवली नसावी.

१८ जानेवारी

लॉनचा श्रीगणेशा. मानांगने दारापुढे वांगी, भेंडी, कारली आणि दोन शेवगे लावून जागा अडवली होती. सगळं एका दिवसात उपटलं. कंबर धरली, पण समाधान आहे.

जेवायला भात आणि खारवलेले मासे, बाकी काही नाही. भाजी का नाही म्हणून विचारलं. मानांग म्हणाली, लॉन कधी तयार होतं? तिलाही आता गोडी लागतेय.

२ फेब्रुवारी

चौदा दिवस लिहिलं नाही. कंबर.

घर हलवायची चौकशी केली. इथे खांब सोडवतात, घराखाली बांबू घालतात आणि गावच्या गाव खांद्यावर घर उचलून नेतं. तागनावा म्हणतात त्याला. मजुरी नाही. मला ही पद्धत एकदम पसंत पडली.

मानोंग (म्हणजे दादा) तिबुर्सियोकडे गेलो. रस्त्यापलीकडे राहतो, सुतार आहे, घर उचलताना हाच ओरडून पावलं सांगतो. तोंडाने फटकळ. मला ऑफिसर म्हणतो, आदराने म्हणत असावा. म्हणाला, ज्याचं घर त्याने दारोदार जायचं. उसाच्या दारूचा पेला पुढे करायचा, विनंती करायची, मग गाव येतं. त्या दिवशी गावाला बोकडाचं जेवण. आणि तू नाही जायचंस, निनाने जायचं. घर निनाचं आहे.

मी म्हणालो, जमीन माझी आहे. तो म्हणाला, मग जमीन उचल आणि ने.

अशिक्षित माणसाशी वाद घालू नये.

३ फेब्रुवारी

दारोदार फिरण्याचे दिवस गेले. नोटीस टाइप केली आणि तिबुर्सियोच्या तुकड्यासमोरच्या चॅपलच्या दारावर लावली. धडधाकट पुरुषांनी शनिवारी सकाळी सात वाजता हजर राहावे. बांबू आपापले आणावेत. डबाही. खाली सही, मनिलाच्या ऑफिसातली.

६ फेब्रुवारी, शनिवार

७:०० कोणी नाही.
७:४० कोणी नाही.
८:१५ एक कुत्रं.
९:०० तिबुर्सियो आला. डब्यात काय आणायचं होतं, असं विचारलं आणि गेला.

गाव आळशी आहे. अशाने देश पुढे कसा जायचा? दुपारी मानांगने माशाचं आंबट कालवण केलं होतं. तीनदा घेतलं.

२० फेब्रुवारी

हातावर हात ठेवून बसणाऱ्यातला मी नाही. लोक येतील त्या दिवशी खोळंबा नको म्हणून खांबांचे वेताचे बांध आधीच कापायला घेतले. नऊ खांब, त्यातले सहा मोकळे केले. मानांग बाजारात गेली होती.

घर थोडं पूर्वेला झुकलं आहे. नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

मानांग पडली. शिडीचं वरचं टोक सरकलं होतं म्हणे. उजवं मनगट मोडलं. लिओनिसाने आरडाओरड करून गल्ली गोळा केली. हाड बसवणारी बाई आली, ओढलं, पट्ट्या बांधल्या. मानांग ओरडली नाही, चांगली सोसणारी आहे.

परिणाम: स्वैपाक लिओनिसाकडे. त्यामुळे मोजमापाच्या टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नाही. एका मनगटापायी सगळं काम अडलं.

संध्याकाळी तिबुर्सियो दोन माणसं घेऊन आला आणि घराला टेकू देऊन गेला. मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या हद्दीत येऊन. जाताना म्हणाला, बांध सगळ्यात शेवटी कापतात ऑफिसर, खाली चाळीस खांदे लागल्यावर. पोरासोरांना कळतं हे.

रात्री मानांग चुलीकडे तोंड करून निजली. भांडली असती तर मी समजावून तरी सांगितलं असतं.

१५ मार्च

प्रगतीचा आढावा. तळं: गुडघाभर खणलं, पाणी नाही. डुकरं: जागा निश्चित. लॉन: पिवळं. कुंपण: सिमेंटचा ट्रक आत यावा म्हणून पुढचं सगळं काढून टाकलं. ट्रक: नाही. आता गावातल्या शेळ्या येऊन लॉन खातात, म्हणजे लॉन उगवतंय हे सिद्ध झालं.

उद्यापासून पाचला उठायचं.

२९ मार्च

मानांग पट्टीचा हात गळ्यात अडकवून माझ्यासमोर येऊन बसली. कार्पो, शेवटचं विचारते, म्हणाली, मी हललंच पाहिजे का?

मी प्लॅन उलगडून दाखवला. तिने डाव्या हाताचं बोट त्यावर फिरवलं. हे तळं, हे फाटक, हे तुझं नाव. आणि मी कुठे रे आहे यात?

पाहिलं तर खरंच, तिचं घर काढायचंच राहून गेलं होतं. तिच्यासमोर लगेच पेन्सिलीने कोपऱ्यात एक चौकोन काढला. तळ्याच्या थोडा आत गेला, पण खोडून नीट करता येईल.

ती म्हणाली, राहू दे. आणि उठली. उठायला तिला लिओनिसाने हात दिला.

५ एप्रिल

विजय. मानांग डाव्या हातात दारूचा घडा घेऊन सकाळपासून घरोघर फिरते आहे. बरोबर लिओनिसा पेला घेऊन. प्रत्येक दारात दोघी थांबतात, बोलतात, पुढे जातात. तिबुर्सियोने बोकड दिला.

माणसाला शेवटी पटतं, फक्त थोडा धीर धरावा लागतो. नोटिशीचाही परिणाम असणारच, लोकांच्या डोक्यात विषय गेला होता.

मागच्या कोपऱ्यात चुन्याने खुणा केल्या.

१० एप्रिल, रविवार, दुपारी ४

सविस्तर लिहायला हवं.

सहा वाजता पन्नासेक माणसं आली. मी शिट्टी घेऊन तयार होतो. आधी घर रिकामं केलं. मानांगचं सामान बायकांनी डोक्यावर घेतलं. माझी ट्रंक, टाइपरायटर आणि मासिकांचा गठ्ठा चिंचेखाली ठेवला. लिओनिसाने आपली बॅग स्वतःच भरली. कपडे उन्हात घालणार असेल, असं वाटलं.

बांबू घातले, बांध कापले. तेवढ्यात तिबुर्सियो ओरडला, मागच्या कोपऱ्याला एक खांदा कमी पडतोय, ऑफिसर, येतोस का?

मला बोलावलं याचा, खरं सांगतो, आनंद झाला. गावाने मला आपला मानला. शिट्टी खिशात टाकली आणि खांदा दिला. घर उचललं. जड असतं, कल्पना नव्हती. छपराचं गवत खांद्यापर्यंत आलेलं, त्यामुळे पुढच्या माणसाच्या टाचांशिवाय काही दिसत नव्हतं. तिबुर्सियो ओरडत होता, डावं, उजवं, सावकाश. मी आतून दोनदा ओरडलो, कोपरा मागे आहे. कोणीतरी म्हणालं, पाय बघा, काका. चढ लागला तेव्हा जरा शंका आली, कारण माझ्या जमिनीत चढ नाही.

घर खाली टेकलं. डोळ्यांतला घाम पुसला. समोर चॅपल. म्हणजे आम्ही रस्ता ओलांडून तिबुर्सियोच्या उंचावरच्या तुकड्यात आलो होतो. खांबांचे खड्डे आधीच खणून तयार होते. कुंपण मीच काढलेलं, त्यामुळे वाटेत कुठे अडलंही नाही.

मानांग आधीच तिथे उभी होती, तांदूळ आणि मीठ घेऊन. नव्या जागी तेच पहिलं आत जातं. मी म्हणालो, मानांग, काहीतरी चूक झाली आहे. ती म्हणाली, तुझी जागा मोकळी झाली ना? मग झालं तर.

मग जेवण. खांदा देणाऱ्यांना वाढतात, मीही दिला होता, मलाही वाढलं. मटण चांगलं शिजलं होतं. लोक हसत होते, सणासुदीला हसतात तसे. कोण कशाला हसतंय ते मी विचारलं नाही. लिओनिसा वाढत होती. मी विचारलं, घरी कधी येतेस? ती म्हणाली, कुठल्या?

११ एप्रिल

मध्यभाग मोकळा झाला, हे मान्य करायलाच हवं. नऊ खड्डे आहेत, बुजवावे लागतील. रात्र ट्रंकेवर काढली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी भूक लागली. विहिरीचं पाणी प्यायलो. उपटलेल्या जागी एक कारल्याचा वेल परत फुटला होता, तोही उपटला. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी लिओनिसाने एका बाईकडून माझे दोन धुतलेले शर्ट पाठवले. बरोबर निरोप काहीच नव्हता. दोनदा घड्या उलगडून पाहिलं.

१२ एप्रिल

बंगला होईपर्यंत तात्पुरती सोय हवी. नीट विचार केला. मानांगच्या घरात खोली आहेच, मी अगदी चुलीजवळही निजायला तयार आहे. सख्खी बहीण आहे. हे तिला स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं. ट्रंक उचलून नेली, म्हणजे दोन खेपा नकोत.

मानांग दारातच बसली होती, उंबऱ्यावर. मागे लिओनिसा शेंगा सोलत होती. मी खालून म्हणालो, कसं काय मानांग, हात कसा आहे? ती म्हणाली, बोटं अजून वळत नाहीत. मी ट्रंक खाली ठेवली. मग म्हणालो, मी आलोय. तिने ट्रंकेकडे पाहिलं. म्हणाली, जेवलास का? मी नाही म्हणालो. तिने आत हात करून एका ताटलीत भात आणि शेंगांची भाजी घेतली आणि वाकून डाव्या हाताने माझ्या हातात दिली. मी उभ्यानेच खाल्लं. ताटली परत दिली. मग पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच ती म्हणाली, थांब कार्पो, आणि लिओनिसाला हाक मारली. दोघींनी मिळून शिडी वर ओढून घेतली.

यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. झोपायच्या वेळी शिडी वर घ्यायची ही इथली रीतच आहे, आणि म्हातारी माणसं लवकर झोपतात.

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.