सोनिवली किती हलेल

३ मे २०२५, सकाळी ७.१०
जिन्यात नगरपालिकेचा कागद चिकटवलाय. आमची इमारत अतिधोकादायक, ३१ मेपर्यंत रिकामी करा. इमारत चार मजली, १९८८ची आहे. हे काही वय नव्हे.
उन्नतीचा फोन आला. म्हणाली, पप्पा, सोनिवलीला या, तुमची खोली तयार आहे. विचार करतो म्हणालो. विचार केला. जाणार नाही.

७.४०
एमआयडीसीचा टँकर गेला. कपाटाच्या कडीला अडकवलेल्या बायकोच्या, सरस्वतीच्या बांगड्या वाजल्या. दवाखान्यात जाताना तिनेच काढून अडकवल्या होत्या. आल्यावर घालते म्हणाली. आज शंभर दिवस झाले.
आम्ही बौद्ध. आत्मा मानत नाही. बांगड्या टँकरमुळे वाजतात. हे स्पष्ट लिहून ठेवतो.

५ मे
उन्नतीला नुसतं नाही म्हणून चालणार नाही, कारण द्यावं लागेल. मिळालं. सोनिवली उल्हास नदीजवळ, म्हणजे खाली गाळ. कठीण खडकाच्या वाटीत मऊ गाळ भरलेला असला की भूकंपाची लाट त्यात अडकते, काठावर आपटून परत फिरते, आणि वरची घरं कितीतरी जास्त हलतात. मोठमोठी शहरं अशीच पडली आहेत. आमचं अंबरनाथ पश्चिम मात्र खडकावर. बिल्डरने तेव्हा छातीठोक सांगितलं होतं.
संकल्प: सोनिवली किती हलेल ते कॉम्प्युटरवर काढायचं. रोज चार तास. पस्तीस वर्षं कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो, मायक्रॉनमध्ये मापं घेतली. गाळाचं काय एवढं.

७ मे
प्रोग्रॅम फुकट मिळाला. लॅपटॉप चालू होईना. उल्हासनगरला नेला. दुकानदार म्हणाला, साईं, ये लॅपटॉप नहीं, तवा है, इसपे रोटी सेको. तरी दुरुस्त करून दिला. कशासाठी हवाय विचारलं. भूकंप करायचाय म्हणालो. त्याने पावती घाईघाईने फाडली.

९ मे
चार तासांऐवजी वीस मिनिटं झाली. उरलेला वेळ कपाटासमोर गेला. पुसत होतो.

११ मे
कॉम्प्युटरवर भरवसा ठेवण्याआधी प्रत्यक्ष प्रयोग करायचं ठरवलं. सरस्वतीची मोठी कढई म्हणजे खडक. त्यात चायना ग्रास लावलं, तो गाळ. वर काड्यापेट्यांच्या इमारती. कढई वॉशिंग मशीनवर ठेवून स्पिन चालू केलं. काठावरच्या काड्यापेट्या उभ्या राहिल्या, मधल्या आडव्या झाल्या. सिद्धान्त सिद्ध. मग कढईच चालू लागली आणि खाली गेली.
खालच्या बनूबाई आवाजाने वर आल्या. सगळं पाहिलं. म्हणाल्या, भीमराव, साखर तरी घालायची होती, खाल्लं असतं. मग त्यांनीच फरशी पुसली.
कढईचा एक कान तुटला. ती काय म्हणाली असती ते मला माहीत आहे.

१४ मे
बोअरवेलवाल्या महिपतीला गाठलं. सोनिवलीच्या नव्या इमारतींच्या बोअर त्यानेच मारल्या. त्याला सगळं तोंडपाठ. म्हणाला, काका, वरती अठरा माती, खाली कडक पत्थर, बिट तुटते राव. अठरा लिहून घेतलं. पक्की माहिती. आता मला कोणी अडवू शकत नाही.

१७ मे
निकाल आला. भयंकर. कोयनेच्या भूकंपाची नोंद प्रोग्रॅमला दिली, वर अठरा मीटर गाळ. उन्नतीची इमारत चार मजली आहे आणि गाळ नेमका चार मजल्यांच्याच लयीत हलतो. धक्का जवळजवळ चौपट.
उन्नतीला आलेख पाठवले. वर लिहिलं, तूच इकडे ये. तिचं उत्तर: पप्पा, तुमच्या जिन्याच्या सळया बाहेर आल्यात.
तिला शास्त्रात रस नाही. आईवर गेली आहे.

२२ मे
तिसरा मजला रिकामा झाला. बनूबाई मुलाकडे जायला निघाल्या. म्हणाल्या, चला हो, कोणासाठी बसलाय? अभ्यास अर्धा आहे म्हणालो. त्या कपाटाकडे बघत राहिल्या.

२४ मे, दुपारी २
बेडवर स्लॅबचं प्लास्टर पडलं. माझ्या बाजूला, उशीवर, ताटाएवढा तुकडा. मी तेव्हा चहा करत होतो. हा भूकंप नव्हे, त्यामुळे अभ्यासात धरलेला नाही. तिच्या बाजूला झोपेन.

२५ मे
तिच्या बाजूला झोपता आलं नाही. रात्र खुर्चीत बसून काढली.

२७ मे
महिपती भेटला. निकाल दाखवला. म्हणाला, काका, अठरा फूट बोललो मी. बोअरचं सगळं फुटातच असतं, मीटरमध्ये कोण बोलतो?
पस्तीस वर्षं मायक्रॉन. एकक विचारलं नाही.
साडेपाच मीटर घालून पुन्हा चालवलं. लय बदलली. चार मजल्यांशी तिचा काही संबंध उरला नाही. सोनिवली ठीक आहे.
हरकत नाही. तुलनेसाठी आपलं घर काढायचं. खडकावर आहे, ते आणखी ठीक निघेल.

२८ मे
खात्रीसाठी बनूबाईंना फोन केला, त्या मूळच्या इथल्याच. खडक कुठला, म्हणाल्या, तिथे खदान होती, चाळीस फूट खोल, पाणी भरलेलं. आम्ही म्हशी धुवायचो. मग कारखान्यांची माती, राख टाकून बुजवली आणि वर तुमची बिल्डिंग.
चाळीस. फूट आहेत ना, असं दोनदा विचारलं. बारा मीटर घातलं. माती अगदी मऊ धरली.
चार मजल्यांचीच लय आली. खडकाची वाटी, मऊ भराव, सगळं तंतोतंत. मी सोनिवलीत शोधत होतो ते माझ्या पलंगाखाली होतं.
टँकर रस्त्यावरून जातो, शंभर फूट लांबून, आणि कपाटाची कडी हलते. खडकावर हलली नसती. शंभरावर दिवस रोज ऐकलं. मोजलं नाही.
प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येईपर्यंत निर्णय नको.

३१ मे
उन्नती टेम्पो घेऊन आली. बांधाबांध करत राहिली. कढईचा तुटलेला कानही कागदात गुंडाळून घेतला. बांगड्या मी खिशात घेतल्या. ७.४०चा टँकर गेला तेव्हा त्या खिशात होत्या. वाजल्या नाहीत. शेवटचा होता, हे लक्षात यायला हवं होतं.

१ जून, सोनिवली, सकाळी ७.३०
खोली चांगली आहे. कपाट नवं आहे. त्याच्या कडीला बांगड्या अडकवल्या. निरीक्षण सुरू.

७.४५
बाहेरून सिमेंटची गाडी गेली. भरलेली. काही नाही.

७.५५
खडीचा डंपर गेला. काही नाही. जमीन उत्तम आहे. गणित बरोबर होतं.

८.१०
चाचणी म्हणून बोटाने हलवल्या.
उन्नती स्वयंपाकघरातून धावत आली. हाताला पीठ. दारातच थांबली. विचारलं, काय वाजलं? टँकर, म्हणालो. म्हणाली, पप्पा, इथून टँकर जात नाही.
नोंद केली.