अनोळखी बाई, हसताना

३ जानेवारी
आजपासून फक्त अनोळखी माणसं. ओळखीच्यांचे फोटो हौशी लोक काढतात. फोटो क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा विषयच आहे 'अनोळखी चेहरा'. पहिला नंबर आपलाच. बाकीचे सभासद कोण, तर एक दातांचा डॉक्टर आणि काही रिटायर्ड बँकवाले. नजर कशाशी खातात, हे ठाऊक नाही.
सरावाला बायकोचा फोटो काढला. फुकट गेला. या चेहऱ्यात काही घडतच नाही. तिला तसं स्पष्ट सांगितलं. कलेत भीडभाड चालत नाही. चहा मिळाला नाही.

५ जानेवारी
आमचा वॉचमन खुर्चीत झोपलेला. तोंड उघडं, लाळ. अप्रतिम! बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला.

७ जानेवारी
वॉचमनची नोकरी गेली. सेक्रेटरीने फोटो पाहिला म्हणे. वाईट वाटलं. पण फोटोत दम होता, हे सिद्ध झालं. नवा वॉचमन झोपत नाही. काही उपयोगाचा नाही.

१२ जानेवारी
भाजीवालीने कॅमेऱ्यावर पाणी फेकलं. म्हणे, आधी विचारायची पद्धत असते. विचारलं की चेहरा खोटा होतो, हे तिला समजावून सांगितलं. तिने पुन्हा तांब्या भरला. उद्यापासून लांबून, झूमने.

१९ जानेवारी, दुपार
सापडला! रस्त्यापलीकडे शिंपीणबाईंचं दुकान. दारात बायकांचा घोळका. मधली एक मान मागे टाकून हसतेय. केस सुटलेले, डोळे मिटलेले, अर्धा चेहरा उन्हात. हसून हसून शेवटी भिंतीला टेकली. दाबलं बटण. असा चेहरा उभ्या जन्मात पाहिला नव्हता. हिचा नवरा नशीबवान. आमच्या घरी असं कुणी असतं तर मी आज कुठच्या कुठे असतो.
संध्याकाळी बायकोला हे बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, हो का.

९ फेब्रुवारी
पहिला नंबर!! एकच कटकट. फोटोतल्या व्यक्तीला समारंभाला आणायचं, आणि आपली ओळख नाही हे तिने स्वतः माईकवर सांगायचं. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरने सख्ख्या मेव्हणीला भिकारीण करून बक्षीस लाटलं होतं, तेव्हापासूनची ही अट. एकाच्या लबाडीचा ताप माझ्यासारख्या प्रामाणिक माणसाला.

१० फेब्रुवारी
फोटो घेऊन गल्लीभर फिरलो. किराणावाल्याने फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग आत गेला. आतून खोकल्यासारखा आवाज आला. न्हावी म्हणाला, साहेब, चष्मा बदला. शिंपीणबाईंकडून मात्र माहिती मिळाली. त्या दिवशी ती बाई आपल्या नवऱ्याची नक्कल करत होती. एक डोळा मिटून, गुडघे वाकवून, ढुंगण मागे काढून, श्वास रोखून. नवरा बहुतेक क्रिकेटचा अंपायर. काय ध्यान असेल! पत्ता विचारला तर म्हणाल्या, घरी बायकोला विचारा. उद्या विचारतो.

११ फेब्रुवारी
बायको भांडी घासत होती. हात न पुसताच फोटोकडे पाहिलं. मीच आहे, म्हणाली.
मी वाद घातला. ही असं हसत नाही. ती म्हणाली, घरी नाही. मग फोटोतला निळा स्वेटर घालून समोर उभी राहिली. स्वेटर तुम्हीच आणलात, म्हणाली. मला आठवत नाही.
बक्षीस गेलं. ती खोटं बोलली तरच वाचणार. क्लबातल्या कुणी तिला पाहिलेलं नाही, मी कधी नेलंच नाही. याला दूरदृष्टी म्हणतात. हातापाया पडलो. तिने बराच विचार केला. येईन, म्हणाली, पण खोटं बोलणार नाही.
संपलं सगळं. ऐन वेळी पाय ओढते.

१५ फेब्रुवारी
हॉल गच्च भरलेला. अध्यक्षांनी माईकवर तिला विचारलं, या गृहस्थांना तुम्ही ओळखता का? तिने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. नाही, म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. कुणालाही शंका आली नाही, दातांच्या डॉक्टरलासुद्धा नाही. टाळ्याच टाळ्या. तिच्यासाठी जास्त.
परतताना टॅक्सीत म्हटलं, शेवटी बोललीसच की खोटं. ती म्हणाली, कधी?
बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसलो. शिंपीणबाईंच्या दुकानाशी तिने टॅक्सी थांबवली. आत बायका वाट बघत होत्या. उतरताना म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय, घर सापडेल ना तुम्हाला?
सापडलं. एकटाच जेवलो.